सात गोण्यांचं एकच पाणी

कार्लोवासी, सामोस
४ ऑगस्ट

प्रिय मामा,

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने रचतोस, म्हणून हे पत्र. चष्मा लावून, खुर्चीत नीट बसून वाच.

झालं रे. तुझ्या तळघरातल्या त्या एका गोणीने काम केलं. ओकच्या फळांच्या टोप्या मी दळल्या, त्यांचा तुरट कस काढला आणि त्यात बोकडाचं एक कातडं ठेवलं. बाराव्या दिवशी कडेला चीर देऊन पाहिलं. कातडं कच्चं राहिलं तर मधोमध पांढरी रेघ दिसते, भाजलेल्या पावात कच्चं पीठ राहावं तशी. इथे रेघ नाही. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच तपकिरी.

टॅनरीच्या, म्हणजे कातडी कमावायच्या कारखान्याच्या, मालकीणबाई अर्गिरो. त्यांना तू पाहिलं नाहीस. आजोबांपासून चालत आलेला धंदा, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. त्यांनी चीर उजेडात धरली, बोटाने दाबली, नाकाला लावली आणि म्हणाल्या, "एक कातडं म्हणजे नशीब. सहा दाखव, मग विद्या म्हणेन."

तर असं ठरलंय: संत दिमित्रिओसच्या दिवसापर्यंत, म्हणजे सव्वीस ऑक्टोबरपर्यंत, कातडी फिरवायचा छोटा ढोल माझा. त्या दिवशी सहा कातडी बिनरेघेची निघाली तर अर्गिरोबाई कातडी झटपट कमावणारं ते क्रोमचं मीठ कायमचं बंद करणार. नाही निघाली तर ढोलात पुन्हा क्रोम पडेल, नाल्यात पुन्हा ते निळं-हिरवं पाणी जाईल, आणि विद्यापीठातल्या संशोधनाची माझी तीन वर्षं एका कपाटात बंद होतील. मला दुसरी टॅनरी कोण देणार? उरलीच आहे कुठे?

मला सात गोण्या टोप्या हव्यात, सप्टेंबर संपायच्या आत. जमेल?

आणि एक गंमत. तुझ्या गोणीत शेळीच्या लेंड्या, दोन गोगलगायी आणि एक काटेरी झुडूप मुळासकट निघालं. अर्गिरोबाई म्हणाल्या, "मामांनी टोप्या मागवल्यावर डोंगरच पाठवला वाटतं." आम्ही दिवसभर हसत होतो.

तुझी,
रोई


यूलिदा, त्झिया बेट
११ ऑगस्ट

लाडक्या रोईस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा निकिफोरोसला वाचून दाखवलं. हा माझा शेजारी, मधमाश्यांवाला. वर्गात माझ्याकडून सगळ्यात जास्त छड्या यानेच खाल्ल्या आणि अजूनही मला मास्तरच म्हणतो. ऐकून तो म्हणाला, "मास्तर, म्हणजे ओक पुन्हा कामाला लागला म्हणायचं." 

तुला काय सांगू पोरी. मी सात वर्षांचा होतो तेव्हा बंदरावर टोप्यांचे ढीग लागायचे. बायका डोक्याला रुमाल बांधून लांब काठ्यांनी झाडं झोडपायच्या, गाढवं खाली उतरायची, गलबतं भरून जायची. आणि आम्ही पोरं धक्क्यावर ओळीने उभी राहून बाईंनी शिकवलेली कविता म्हणायचो. मोसमाची शेवटची गोणी चढेपर्यंत गलबताने नांगर उचलायचा नाही, अशी रीत होती आणि त्या गोणीबरोबर आमची कविता चढायची:

ओक म्हणे वाऱ्याला, टोपी माझी काढू नको,
दर्यावरच्या गलबताला रिकाम्या पोटी धाडू नको.

मग शहरांत कुठलंसं मीठ आलं, आठवड्याचं काम दिवसात करणारं, आणि गलबतं यायची थांबली. झाडं मात्र कुणी सांगितलं नाही म्हणून दर वर्षी टोप्या घालून उभीच. सत्तर वर्षं. पाहुणे येणार म्हणून नटून बसलेल्या म्हाताऱ्यांसारखी.

तर जमेल का, हे काय विचारतेस. उद्यापासून सुरुवात. निकिफोरोस, त्याची गाढवीण आणि मी. टोप्या पाऊस लागायच्या आत गोळा करायच्या, एवढं लहानपणापासून ठाऊक आहे. बुरशी धरते ना.

आणि अर्गिरोबाईंना सांग, या वेळी डोंगर येणार नाही. या वेळी माल येईल.

तुझा,
झाफिरिस मामा


कार्लोवासी
१९ ऑगस्ट

मामा,

घाईत लिहितेय, हात तपकिरी झालेत म्हणून कागदावर डाग.

तू विचारलं नाहीस, पण तू मास्तर आहेस म्हणून सांगते. हरित रसायनशास्त्राचे बारा नियम आहेत आणि ते मी ढोलावरच्या भिंतीला चिकटवलेत. पहिलाच नियम असा: घाण करून निस्तरू नका, ती होऊच देऊ नका. अर्गिरोबाई म्हणतात, हे त्यांच्या आजीला कुठल्याही विद्यापीठाशिवाय माहीत होतं.

पण त्यांनी मला एका जागी बरोबर पकडलंय. टोप्यांतला कस काढायला मी पाण्यात मद्यार्क मिसळते आणि सत्तर अंशांवर सहा तास तापवते. परवा त्या विजेच्या मीटरसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुझं हरित रसायन माझ्या मीटरला भोवळ आणतंय. आणि त्या पिंपातली दारू प्यायची सोडून बोकडाला पाजतेस ती वेगळीच."

"दारू नाही, मद्यार्क. आणि मी तो परत गाळून घेते."

"सगळा?"

"बराचसा."

"बराचसा," एवढंच म्हणून त्या गेल्या. तो शब्द त्या दिवसापासून माझ्या कानात माशीसारखा फिरतोय. पाचवा नियम म्हणतो घातक द्रावक टाळा, सहावा म्हणतो ऊर्जा वाचवा; दोघंही भिंतीवरून माझ्याकडे बघतात.

असो. आधी बिनरेघेची सहा कातडी. मीटरचं नंतर बघू.

रोई


यूलिदा
८ सप्टेंबर

लाडक्या रोईस,

सात गोण्या आज बोटीवर चढल्या. कॅप्टनला मी स्वतः सांगितलं की ही विद्यापीठाची वस्तू आहे, वर कलिंगडं ठेवू नका.

असा माल तू पाहिला नसशील. तीन आठवडे खपलो. निकिफोरोस झाडाखाली चादर धरायचा, मी झोडपायचो. एकदा मी काठी त्याच्याच टोपीवर मारली तर म्हणाला, "मास्तर, ही अजून पिकलेली नाही." एक लेंडी नाही, एक काटा नाही, गोगलगाय तर औषधालाही नाही. एकेक टोपी अशी की परीक्षेच्या दिवशीचं पोर, नखं कापलेलं, केस ओले करून भांग पाडलेलं. कसं केलं ते आत्ता सांगत नाही. निकिफोरोसची आणि माझी त्यावरून थोडी बाचाबाची झाली, पण मास्तर कोण आहे?

शेवटची गोणी चढली तेव्हा मी धक्क्यावर ती कविता म्हटली. पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं मी पैशांसाठी म्हणतोय, एका मुलीने नाणं दिलं. ते मी मेरीमातेच्या चॅपलमध्ये तुझ्या नावाने ठेवलंय.

झाफिरिस मामा


कार्लोवासी
२७ सप्टेंबर

प्रिय मामा,

गोण्या पोचल्या. टोप्या खरंच सुंदर आहेत. अर्गिरोबाईंनी एक हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिली.

काम चाललंय. थोडं अडलंय, पण होईल. एक विचारू? ही झाडं तीच ना, जूनच्या गोणीची? वरच्या दरीतली?

तू जेवतोस ना वेळेवर?

रोई


यूलिदा
२ ऑक्टोबर

लाडक्या रोईस,

अर्गिरोबाईंनी टोपी हातात घेऊन फिरवली, हे वाक्य मी पत्रातून कापून आरशाला लावावं म्हणतो. तुझं पत्र छोटं आहे, पण कामात बुडालेल्या माणसाचं पत्र असंच असतं, मला कळतं.

झाडं तीच ग. वरच्या दरीतली. त्यात शंका नको.

आता गुपित सांगायला हरकत नाही. मी त्या धुतल्या. नुसत्या खंगाळल्या नाहीत, द्राक्षं तुडवायच्या आमच्या दगडी हौदात प्रत्येक गोणी तीन-तीन दिवस भिजत घातली, हाताने चोळली, मग गच्चीवर वाळवली. निकिफोरोस ओरडत होता, "टोप्या कुणी धुतं का? माझ्या आजीने कधी धुतल्या नाहीत." मी म्हटलं, "तुझ्या आजीचा माल विद्यापीठात गेला होता का?" 

आणि पाणी मी सांडलेलं नाही हो. तुला आमचं बेट माहीत आहे, इथे पोराचं तोंड धुतलेलं पाणीसुद्धा तुळस पिते. टाकीतलं पावसाचं पाणी एकदाच हौदात घेतलं आणि सातही गोण्या त्याच पाण्यात, एकीमागून एक. शेवटी ते पाणी आपल्या कॉफीइतकं काळं झालं. किती मळ असेल बघ त्या टोप्यांवर. मग द्राक्षं आली, हौद लागणार, म्हणून ते दोन रांजणांत भरून ठेवलं. गाढवीण तोंड लावत नाही, जिभेला आकडी येते म्हणे. निकिफोरोसने मात्र त्यात मेरीमातेच्या सणाच्या बोकडाचं कातडं केस काढून टाकून ठेवलंय. त्याच्याकडचं मीठ संपलं होतं आणि कातडं नासायला लागलं होतं. उद्यापरवा रांजण अंजिराला घालून मोकळे करीन.

सव्वीसला आम्ही निकिफोरोसचं नव्या दारूचं पिंप फोडतो, तेव्हा पहिला पेला तुझ्या सहा कातड्यांच्या नावाने.

तुझा,
मामा


कार्लोवासी
७ ऑक्टोबर

मामा,

हे पत्र सबंध वाचू नको, आधी ही ओळ वाच: ते पाणी फेकू नको. अंजिराला घालू नको. उठ, जाऊन रांजणांवर झाकणं ठेव, मग परत येऊन बस.

आलास? आता ऐक. मी तुझ्याशी खोटं बोलले. काही चाललेलं नव्हतं. पहिल्या खेपेला सहाच्या सहा कातडी कच्ची निघाली, मधोमध पांढरी रेघ, खडूने ओढल्यासारखी. मला वाटलं माझी कृती चुकली. मी मद्यार्क वाढवला, तापमान वाढवलं, वेळ दुप्पट केला. दुसरी खेप, तीच रेघ.  सोमवारी क्रोमची पिंपं दारात येऊन उभी राहिली. अर्गिरोबाईंनी मागवून ठेवलीत, सत्तावीसला ढोलात टाकायला.

मग तुझं पत्र आलं. जिन्यातच उघडलं आणि जिन्यातच बसले. मामा, पाऊस लागायच्या आत टोप्या गोळा करतात ते बुरशीसाठी नाही. पाण्याने त्यांचा कस निघून जातो. तू तीन आठवडे खपून, हाताने चोळून, त्यातला सगळा जीव धुऊन काढलास आणि मला नुसती टरफलं पाठवलीस, भांग पाडलेली. मला इतका राग आला की मी तुझं पत्र चुरगळलं. आणि दोन मिनिटांनी परत सपाट केलं, कारण तो सगळा जीव गेला कुठे?

तो तुझ्या रांजणात आहे.

जरा विचार कर. पहिल्या गोणीने पाण्याला थोडा कस दिला. दुसरीने त्यात भर घातली. प्रत्येक नवी गोणी त्याच पाण्यात, म्हणून पाणी चढत चढत गेलं. साध्या पाण्याने इतका कस निघायला हवा तर पाणीही भरमसाट लागतं, आणि मग ते आटवायला आग लागते, म्हणून मी मद्यार्क घेऊन बसले होते. तुम्ही बेटावरच्या कंजूष लोकांनी पाणी वाचवायला जे केलं, त्याने पाणी आपोआप दाट झालं. आणि ऑगस्टमधल्या त्या दगडी हौदाला हात लावून बघितलायस ना? ती माझी सत्तर अंशांची भट्टी, मीटरशिवाय. मद्यार्क नाही, वीज नाही, गाळण्यासारखं काही नाही. "बराचसा" नाही.

पण हे सगळं मी जिन्यात बसून म्हणतेय. खरं आहे की नाही ते एकाच गोष्टीने कळेल. निकिफोरोसकाकांचं ते कातडं बाहेर काढ, जाड जागी, मानेजवळ, धारदार सुरीने चीर दे आणि मध्ये काय दिसतं ते मला कळव. लगेच.

माझ्याकडे एकोणीस दिवस आहेत आणि कातडं मुरायला बारा लागतात.

रोई


यूलिदा
१२ ऑक्टोबर

रोई,

तुझं पत्र काल दुपारी आलं. एक रांजण परवाच अंजिराच्या मुळाशी गेला. माझ्या हाताने.

पहिली ओळ वाचल्यावर मी उठलो ते काठीशिवाय, आणि दुसऱ्या रांजणापाशी पोचलो तर निकिफोरोस बादली बुडवून उभा. म्हणाला, "मास्तर, अर्धा तुमच्या अंजिराला, अर्धा माझ्या." मी म्हटलं, "बादली खाली ठेव, नाहीतर आयुष्यातली शेवटची छडी आज खाशील." ठेवली बिचाऱ्याने. एक थेंब सांडू दिला नाही.

मग त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. माझ्या चुकीचा भाग हळू आवाजात वाचत होतो, तर म्हणाला, "तेवढं पुन्हा वाचा, ऐकू आलं नाही." ऐकू माझ्यापेक्षा त्याला चांगलं येतं. पुन्हा वाचलं. तो टोपी काढून आकाशाकडे बघत म्हणाला, "आजी, ऐकलंस का."

मी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं की का, हे विचारल्याशिवाय काही पाठ करू नका. आणि पावसाच्या आत का, हे मी स्वतः सत्तर वर्षांत एकदाही विचारलं नाही. लोक हसले त्याचं मला लागलं होतं, पोरी. लेंड्यांवरून. म्हणून धुतल्या. आता सांगून टाकलं.

पण कातडं ऐक. मानेजवळ बोटाएवढी चीर दिली. सुरी निकिफोरोसने धरली. मी भिंग लावलं. दोनदा पुसून पुन्हा लावलं. रेघ नाही. या कडेपासून त्या कडेपर्यंत बदामाच्या सालीसारखं तपकिरी.

म्हणून मी येतोय. टपालाने रांजण जात नाही. आठ कॅन भरलेत. उद्या मधाचा ट्रक बोटीवरून लाव्रिओला जातो, तिथून पिरेऊसपर्यंत तो मला सोडेल आणि रात्रीची बोट सामोसला. अकरा वर्षांत मी बेट सोडलेलं नाही. बायको गेली तेव्हा इस्पितळातून एकटा परत आलो, तेव्हापासून ती बोट नकोशी वाटते. निकिफोरोस म्हणाला, "मास्तर, तुम्ही जा, घर मी बघतो, पण धक्क्यावर कविता म्हणू नका, नाणी मिळतात."

हे पत्र आणि मी, कोण आधी पोचतं ते बघू.

मामा


कार्लोवासी
२६ ऑक्टोबर, संत दिमित्रिओस

माझ्या मामा,

तू थांबायला हवं होतंस. ढोल फिरायला लागला आणि तिसऱ्या दिवशी तू शेळ्यांचं कारण काढून पळालास. शेळ्या निकिफोरोसकाकांच्या आहेत हे मला माहीत आहे. तुला चीर बघायची भीती वाटत होती. मलाही वाटत होती, पण मला पळता येत नव्हतं.

आज सकाळी चर्चची घंटा झाल्यावर अर्गिरोबाई सणाच्या कपड्यांत आल्या, वरून रबरी एप्रन. दारात क्रोमची पिंपं तशीच. त्यांनी सहा कातडी टेबलावर ओळीने मांडली आणि सुरी मला दिली नाही, स्वतः घेतली.

पहिलं: तपकिरी. दुसरं: तपकिरी. तिसऱ्याला त्यांनी चष्मा चढवला. चौथं, पाचवं. सहाव्याला मानेजवळच्या सगळ्यात जाड जागी खोलवर चीर देऊन दोन्ही बोटांनी ती फाकवली आणि उजेडात धरून बघत राहिल्या. मग सुरी पुसली, ठेवली आणि म्हणाल्या, "विद्या."

एवढंच. मग बाहेर जाऊन ट्रकवाल्याला फोन केला, "आलेली पिंपं परत न्या. नाही, तक्रार नाही. आता लागत नाहीत." मग माझ्याकडे न बघता मीटरकडे बघत म्हणाल्या, "आणि तो मद्यार्क वाण्याला परत दे, सणाला उपयोगी पडेल."

पुढचं ऐक. पुढच्या वर्षी टोप्यांच्या गोण्या इकडे यायच्याच नाहीत. टोप्या तुमच्याच बेटावर भिजतील, उन्हात, एकाच पाण्यात, आणि फक्त पाणी बोटीने येईल. अर्गिरोबाईंचं म्हणणं, दोन हौद आणखी बांधा, आणि धुण्याचं काम मामांनाच द्या, "त्यांच्याइतकं स्वच्छ कुणी धुणार नाही." तुझी ती टरफलं बॉयलरमध्ये जळतायत, छान ऊब देतात.

भिंतीवरच्या बारा नियमांखाली त्यांनी खडूने तेरावा लिहिलाय. तू ढोलाशेजारी बसून म्हणत होतास ना ती कविता, त्यांनी तिचं विडंबन करून टाकलं:

ओक म्हणे मास्तराला, टोपी माझी धुऊ नको,
धुतलीस तर धुतलीस, पाणी फेकून देऊ नको.

सोबत सहाव्या कातड्याची पट्टी पाठवतेय. मानेजवळची. चीर दिसते तशीच ठेवलीय.

तुझी,
रोई


यूलिदा
३ नोव्हेंबर

लाडक्या रोईस,

पट्टी पोचली. मी ती रात्री उशाशी ठेवली होती. सकाळी निकिफोरोस घेऊन गेला, गाढविणीच्या गळपट्ट्याला लावायला. म्हणाला, चीर बाहेरच्या बाजूला ठेवतो, गावाला दिसू दे. आता ती बाजारातून अशी चालते की जणू पदवी तिलाच मिळाली.

कवितेत मात्रा एक जास्त आहे, असं अर्गिरोबाईंना सांग. पण दुरुस्त करू नका. मास्तराला शिक्षा म्हणून ती तशीच राहू दे.

अंजिराचं झाड रुसलंय, पानं गळली. निकिफोरोस म्हणतो, बुंधा कमावला गेला असेल.

सकाळपासून पाऊस लागलाय. दरीतल्या उरलेल्या टोप्या धुतल्या जातायत आणि मला पहिल्यांदाच त्यांची हळहळ वाटतेय. पण आम्ही दोघं गच्चीवर भिजत उभे आहोत, म्हणजे मी आत येऊन लिहितोय, तो उभा आहे. सगळ्या पन्हळींखाली रांजण लावलेत. शेजाऱ्यांचेही मागून आणले. एक भरला की निकिफोरोस ओरडतो, "मास्तर, झाकण." मी झाकण घेऊन जातो.

पुढच्या ऑगस्टचं पाणी भरतंय.

तुझा,
झाफिरिस मामा